सुटं कोंदण

राहीला मुलगी झाली ती भाद्रपदाच्या शेवटी, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, करवंदीच्या जाळीत, आणि मुलगी ओल्या मातीसारखी मऊ होती. यात वावगं काही नव्हतं. कातळी माणसांची पोरं अशीच जन्मतात. लाल, मऊ, अंगठा टेकला तर ठसा राहील अशी. रडतात, पण आवाज येत नाही. आई त्यांना केळीच्या पानावर घेऊन पाऊस उघडायची वाट बघते. पाऊस उघडला की पोराला

सांधा.
कोंदण म्हणजे सड्याच्या कातळात पडलेली, माणसाच्या आकाराची खोलगट जागा. कुणी कोरलेली नाही. आमच्या एकेका कुळाची पोरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी निजली, त्यांच्या अंगानं ती झाली. पोर तिथं निजतं, वरून आश्विनाचं ऊन खातं, खालून कातळाची ओल पितं आणि हळूहळू घट्ट होतं. अंगाला जांभ्यासारखी भोकं पडतात. त्या भोकांतून वारा गेला की पोराचा पहिला शब्द निघतो. आमची बोली वाऱ्याची. बंद खोलीत आम्ही मुके. गावातले गुराखी कोंदणं बघतात आणि ती पांडवांनी काढली म्हणतात. आम्ही त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

कोंदणात ठेवायचं असतं. पण त्या वर्षी, एकोणतीस साली, सड्याचा तो भाग चिरेखाणीला, बांधकामाचे जांभे चिरे काढायला, गेला होता. दसऱ्याला गंगाराम मुकादमानं कुदळीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि काम सुरू झालं. खाणीच्या वरच्या अंगाला शेवटचं एक कोंदण उरलं होतं. तेच राहीच्या कुळाचं. राहीचा नवरा महिपत त्याच खाणीवर चिरे काढायला होता.

कातळी माणसानं कातळाला लोखंड लावायचं नसतं. महिपतनं लावलं होतं. अंगाला खोबरेल आणि राख चोळून, वर सदरा चढवून तो माणसांत माणूस म्हणून वावरायचा. गाव विचारलं की खेडकडचा म्हणायचा. त्याला तोंडानं बोलायची बोली येत होती आणि थट्टाही येत होती.

"म्हैपत, तुला घाम कसा रे येत न्हाय?" बाबल्या विचारायचा. बाबल्या त्याच्या शेजारी पहार मारायचा.

"आमच्याकडं घाम सणालाच काढतात."

"मग शिमग्याला येतो तुज्याकडं. बगूया तरी."

सगळे हसायचे. महिपतही हसायचा, आणि हसताना खाणीची कड कोंदणापासून किती लांब राहिली ते

सांधा.
माणसं आम्हाला का मारतात, याची आमच्याकडे एक गोष्ट आहे. पहिला बुरूज बांधला तो खचला. दुसऱ्यांदा बांधला, खचला. मग कुणीतरी म्हणालं, बुरुजाच्या पायात जिवंत कातळी माणूस घाला. घातला. बुरूज राहिला. तो राहिला कारण या वेळी पाया कातळापर्यंत खणला होता. पण हे सांगायला गेलेला आमचा माणूस पुढच्या बुरुजात गेला. मग तटात गेले, धक्क्यात गेले, पुलात गेले. साहेबाच्या राज्यात पायात घालायला बंदी आली. मग आम्ही भटके ठरलो. सड्यावर दिसला की धरून नेणार, बंद खोलीत उभं करून नाव विचारणार, आणि वारा नाही म्हणून आम्ही गप्प, म्हणून चोर. बंदी आल्यावरही पायात घालणं थांबलं नाही. ते आता सांगत नाहीत, एवढंच.

बघत राहायचा.

आप्पा कुळातला सगळ्यात म्हातारा. त्याच्या गुडघ्यांवर शेवाळ होतं. महिपतनं त्याला आपला बेत सांगितला.

"कोंदण कापून काढतो. चिरे पाडतो, न्हेतो व्हाळाकाठी, तिथं परत जुळवतो."

"कापून?"

"मग काय करू? ते तसंच ऱ्हायलं तर चार दिवसात बाबल्याच कापंल. त्यापरास मी कापतो."

"ते कोंदण हाय रं. भाकर न्हवं, मोडून वाटायला."

"आप्पा, माजं बोट तुटलं होतं. जागेवर धरून पावसाळा काढला. जुळलं का न्हाय?"

आप्पानं त्याचं बोट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. सांध्याची रेघही दिसत नव्हती.

आमच्यातला कुणीही असाच विचार करील. आमचं मोडलेलं जुळतं. आकाशातलं पाणी थेट वर पडलं की जुळतं. म्हणून मोडण्याची भीती आम्हाला माणसांइतकी नसते, आणि महिपत चुकला तो इथं. कोंदण पुढच्या पावसात जुळणार होतं. पोर त्याआधी घट्ट होणार होतं.

"आणि तोवर?" राहीनं विचारलं.

"तोवर हलवायचं न्हाय तिला. मिरगापर्यंत. मग कोंदण जुळंल, तीबी जुळंल."

राहीनं पोरीकडं पाहिलं. पानावर तिच्या कडा पसरायला लागल्या होत्या. आणखी थांबलं तर तिचा नुसता चिखल झाला असता.

"काढा," ती म्हणाली.

दुपारी खाण जेवायला बसली की महिपत वरच्या अंगाला जाऊन कापायचा. कोंदणाचे चिरे पडले. डोक्याचा एक, छातीचे दोन, हातांचे, पायांचे. कापताना कातळ मऊ होता, साबणासारखा. त्यानं ते पाठीवरून व्हाळाकाठी, ओढ्याच्या कडेला, नेले, कुंभ्याच्या झाडाजवळ उघड्यावर मांडले, कडेला कड लावली. राहीनं पोरीला आत ठेवलं. ती आकारात बरोबर बसली. कुठं सांधा आहे हे बोट फिरवल्याशिवाय

सांधा.
आम्हाला रडू लगेच येत नाही. पाणी आत शिरतं, झिरपत झिरपत खाली जातं, आणि कधीतरी कुठल्या तरी बोटाच्या टोकाला येतं. आज झालेल्या गोष्टीचं रडू चैत्रात येतं. तोवर माणसाला वाटतं, हे दगडच.

कळत नव्हतं.

पौषात पोर घट्ट झाली. आणि जिथं जिथं खाली चिऱ्याची कड होती, तिथं तिथं तिच्या अंगावर बारीक रेघ उमटली. गळ्यावर, छातीवर, कमरेवर, मांड्यांवर. कुणी सुरी फिरवावी तशी. रेघेत काडी घातली तर ती खालपर्यंत जायची. पोर कोंदणालाच धरून वाढली होती. डोकं डोक्याच्या चिऱ्याला, पाय पायांच्या चिऱ्यांना. उचलली असती तर एका पोरीच्या जागी ढीग हातात आला असता.

पण ती जिवंत होती. माघातला वारा सुटला आणि तिच्या भोकांतून आवाज आला. डोक्यातून एक, छातीतून दुसरा, पायांतून तिसराच. शब्द होत नव्हता. राही तिच्या अंगावर तोंड ठेवून भोकांतून हळूच फुंकायची, आणि आपल्याला आता ती काहीतरी म्हणाली असं महिपतला सांगायची.

"काय म्हनाली?"

"कळलं न्हाय. पन म्हनाली."

मिरग यायला अजून वेळ होता. राहीचं आता जगात एकच काम होतं: पोरीला कुणी हलवू नये. गाई आल्या तर हाकलायच्या, वानर आले तर दगड मारायचा. रोज सकाळी आभाळ

सांधा.
आभाळाला आमच्याकडं देव म्हणत नाहीत. येणारा म्हणतात. आला तर आला.

बघायचं.

वैशाखात गुराख्यांनी खाणीवर येऊन सांगितलं की व्हाळाकाठी दगड गुणगुणतात. गंगाराम मुकादमाला भुताखेतांचं सोयरसुतक नव्हतं, पण त्याच्या खाणीचे काही चिरे कमी भरले होते. तो गाडी जुंपून निघाला. बरोबर घेतलं बाबल्याला, आणि चिरे उचलायला महिपतला.

वारा पडला होता. राही चिऱ्यांशेजारी बसलेली. तिनं गाडी पाहिली, मुकादमाला पाहिलं, मग मागून येणाऱ्या नवऱ्याला पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून तिनं खाली बघितलं.

"हे तर आपलेच," बाबल्या चिऱ्यावर हात फिरवत म्हणाला. "कुनी आनले गो बाय हितं?"

राहीनं डोक्याच्या चिऱ्यावर हात ठेवला.

"मुकी हाय काय?"

"असंल," महिपत म्हणाला.

गंगाराम वाकून बघत होता. चिऱ्यांवर बाहुलीसारखं काहीतरी उठलेलं. "मूर्ती करायला घेतली होती का काय कुणी? अर्धवटच हाय. ती बाजू आत घालू." त्यानं एका चिऱ्यावर बोटानं वाजवलं. "माल मात्र एक नंबर मुरलाय. गोदामाच्या भिंतीला जाईल. बाई, सर बाजूला. तुला कोण काय करत न्हाय."

राही सरली नाही.

"हिला उचल रे म्हैपत."

महिपत पुढं झाला. एक शब्द बोलला असता तर दोघंही कातळी म्हणून उघडी पडली असती. मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला सुक्या मासळीचं गोदाम उठत होतं आणि त्याचा एक कोपरा अजून खणून उघडा ठेवला होता. तो कशासाठी ठेवलाय हे खाणीवर सगळ्यांना ठाऊक होतं. बाबल्या त्यावरही थट्टा करायचा. महिपतनं राहीच्या खांद्याला हात लावला.

"उठा बाई," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग उठली. वारा असता तर काहीतरी म्हणाली असती.

महिपतनं पहिल्यांदा डोक्याचा चिरा उचलला. बाबल्याला त्यानं हात लावू दिला नाही. "तू गाडी धर," म्हणाला. गाडीत त्यानं ते चिरे ज्या रांगेत होते त्याच रांगेत ठेवले.

"लगीन हाय का तुज्या चिऱ्यांचं?" बाबल्या म्हणाला. "पंगतीला बसवल्यागत ठेवतो."

गोदामाला गवंडी कमी होते. महिपत आपण होऊन तिकडं गेला. त्यानं ते चिरे एकाच भिंतीत, एकमेकांना लागून बसवले, डोक्याखाली छाती, छातीखाली कंबर. पाठ भिंतीबाहेर, तोंड आत. मध्ये चुना घालताना त्याचा हात थांबत होता, कारण चुन्यानं आमची भोकं बुजतात. पण कोरडा सांधा मुकादमाला दिसला असता. बाहेरून तरी गिलावा होऊ नये, पाऊस लागावा, एवढं त्यानं विचारून पाहिलं.

"मुकादम, या बाजूला गिलावा हवाच काय? चिरा चांगला हाय, दिसायला बरा वाटंल."

"सुकी मासळी हाय आत. भिजली तर तू खाशील?"

गिलावा झाला. वर कौलं चढली, कोकणात चढतात तशी लांब वळचण काढून. मिरग लागला, पाऊस आला. तो भिंतीपासून हातभर लांब पडत होता.

राही भिंतीपाशी येऊन बसायला लागली. कोळणींना ती वेडी वाटली. एकीनं तिला भाकरी दिली, एकीनं हाकललं. ती पागोळ्यांचं पाणी ओंजळीत धरून भिंतीवर टाकायची. भिंतीवरून ओघळ खाली यायचे. मग ती नखांनी गिलावा खरवडायला लागली. तिची नखं कातळाची. आषाढ संपेपर्यंत तिनं छातीच्या चिऱ्यापर्यंत वाट केली. तिथं कान लावला. मग तोंड लावून फुंकलं. बराच वेळ फुंकलं.

गंगाराम तपासणीला आला तेव्हा ती तशीच होती. दोघा हमालांनी तिला धरून बाजूला केलं. "भिंत खाते ही," गंगाराम म्हणाला. "म्हैपत, पाऊस थांबलाय तोवर बुजवून घे."

महिपतनं घमेल्यात चुना कालवला. थापीवर घेतला. छातीच्या चिऱ्यावर पहिला थर गेला, मग दुसरा. हमालांच्या मधून राही बघत होती. एका जागी, तिनं तोंड लावलं होतं तिथं, त्यानं बोटभर भोक सोडलं आणि थापी खाली ठेवली.

"तिथं राहिलं बघ," गंगाराम म्हणाला.

महिपतनं थापी उचलली आणि तेही बुजवलं.