हंड्यावरचा चुकीचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना, पोट सुटलेला पितळी हंडा आहे. गावजेवणाचा भात शिजवण्यासाठीच माझा जन्म झाला, पण चुलीवर चढायला मला फार उशीर झाला. त्याची चुटपुट अजून जात नाही.

त्र्याण्णव साली लातूरकडे भूकंप झाला. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. त्यातल्या एका गावाला इगतपुरीजवळच्या डोंगरवाडीची माणसं धावून गेली. घरचा तांदूळ नेला आणि तिथंच चूल मांडली. सहादू नावाचा आडदांड गडी रोज भात रांधून वाढायचा. एरवी ज्वारीची भाकरी खाणारी तिथली माणसं त्या भातावर तगली.

पुढे नवी घरं उभी राहिली, तेव्हा तिथल्या लंकाबाईनं मनावर घेतलं. ढिगाऱ्यातून निघालेले पितळेचे तांबे, चेपलेल्या घागरी घरोघर फिरून गोळा केल्या आणि नाशिकच्या तांबटाकडून त्यातून मला घडवून घेतलं. डोंगरवाडीच्या लग्नाकार्यात माझ्यात भात शिजावा, एवढीच तिची इच्छा. "डोंगरवाडी गावाची आठवण म्हनून कायतरी लिवा," ती तांबटाला म्हणाली. त्या बाबाचा हात भांड्यांवर मेलेल्या माणसांची नावं घालण्यात मुरलेला. त्यानं सवयीनं झोकात कोरलं, 'डोंगरवाडी गावाच्या स्मरणार्थ'. लंकाबाईला अक्षरओळख नव्हती, आणि मी गोणपाटात गुंडाळलेला, म्हणून इतर कोणाच्या नजरेला ते पडलं नाही.

डोंगरवाडीत मला वाजतगाजत नेलं. गुरुजी अक्षरं मोठ्यानं वाचू लागले आणि शेवटचा शब्द त्यांनी गिळला. पुढे उभ्या गावकऱ्यांनी तो वाचलाच. स्मरणार्थ म्हणजे मेलेल्याच्या नावानं! पण पाहुण्यांना तोंडावर कसं बोलायचं? त्यांना पोटभर जेवू घातलं, नारळ दिला, निरोप दिला.

मग गावानं ठरवलं, "जित्या गावाचं श्राद्ध घातलंय. हा हंडा चुलीवर नाय चढवायचा."

"शब्द चुकला आसंल, माणसं नाय चुकायची," असं सहादू परोपरीनं सांगत होता. लेकीच्या, ललिताच्या लग्नात त्यानं हट्ट धरला, तरी कोणी ऐकलं नाही. मी समाजमंदिराच्या मागे पडलो. कोणी माझ्यात चुना कालवला, कोणी पहारी टाकल्या. मला फार अपमान वाटायचा.

सिंहस्थात नाशिकला गोदावरीत स्नान करून लंकाबाई वाट वाकडी करून आली. माझी दशा बघून तिनं कारण विचारलं. सहादूनं मान खाली घालून खरं ते सांगितलं.

"मला मेलीला वाचता येत न्हाई. तुमाला तर येत हुतं. मंग तवाच का म्हून इचारलं न्हाई?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून."

"आनि आता लई गोड वाटलं का, दादा?" असं म्हणत तिनं डोळ्याला पदर लावला.

सहादूनं लगोलग मला घासलं, चूल पेटवली, पाणी ओतलं. पण पहारींनी माझ्या बुडाला भोक पाडलं होतं. पाणी गळून चूल विझली. दुसऱ्या भांड्यातल्या भाताचे दोन घास खाऊन लंकाबाई गावी गेली.

सहादूनं मला नाशिकला नेऊन बुडाचं भोक डाग देऊन बुजवून घेतलं, कलई केली. खरं कळल्यावर गावाचीही अढी गेली, आणि पुढच्याच लग्नात माझ्यात भात शिजला. त्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तो स्वतः लंकाबाईच्या गावी गेला होता. ती महिन्यापूर्वीच वारली होती.

मित्रांनो, भांड्याचं भोक तांबट बुजवतो. कोणाबद्दल मनात किंतु आला, तर तो माणूस समोर असतानाच विचारून टाका. मागाहून विचारायला तो असेलच असं नाही.