राखून ठेवलेल्या गोळ्या
मास्तरांचा उजवा हात सकाळपासून टेबलावर नुसता पडून होता. चाळीस वर्षं ज्या हातानं कोट कापले, त्याला आता कात्री उचल म्हटलं तर तो ढिम्म हलत नव्हता. मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन हालचालीचे निरोप पोचवतं, ते कमी पडतंय. गोळीतून मेंदू ते बनवतो, म्हणून गोळी दिवसातून चारदा, वेळच्या वेळी. पण जन्मभर वीतभर कापडसुद्धा वाया न घालवलेला माणूस तो! आंघोळ आणि पेपर वाचणं यांवर गोळ्या कशाला खर्चायच्या? कालपासूनच्या तीन त्यांनी खडूच्या डबीत राखून ठेवल्या.

आजचा कोट महत्त्वाचा होता. गिऱ्हाइकानं आणलेलं लोकरीचं कापड मोजून एका कोटापुरतं होतं. दुकानात मशीन चालवणाऱ्या लेकीनं आधीच बजावलं होतं, "बाबा, हा बिघडला तर कापायचं काम मी घेणार. मग रुसायचं नाही."

मास्तरांनी तिन्ही गोळ्या एकदम घेतल्या. तासाभरात हात असा सुटला की पाठीचा भाग त्यांनी झरझर कापला. मग पुढचा भाग घेतला आणि खांदा आपोआप डोलायला लागला, मागोमाग मनगट. आवरता आवरेना. कात्री बगलेकडून रेघ सोडून चांगली चार बोटं आत घुसली.

लेक धावत आली. "किती घेतल्या?"

"तीन. राखल्या होत्या."

"गोळ्या म्हणजे काय कापड आहे वाचवून ठेवायला?" तिला रागानं रडू फुटलं.

"निरोप कमी पडतात म्हणाले ना? मग एकदम भरपूर पाठवले!" मास्तरही ओरडले. कोणावर, ते त्यांनाही कळलं नाही.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. बसून राहा, पुढची गोळी ठरल्या वेळी, उद्या भेटा, असं उत्तर आलं. फोन ठेवून ती त्या कापडाकडे बघत राहिली. "आता याचं काय करू?"

"कापून उरलेल्या तुकड्यांतून बगलेखालची पट्टी काढ. चीर तिच्या शिवणीत जाईल."

"रेघ?"

"तूच मार."

तिनं कात्री उचलली. मास्तर उठले, डोलत डोलत टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.