शेवटच्या टेकूच्या पुढे

धाकट्या भावाला ताईने गुहेत नेलं, ते तो माणसांना मारायचा म्हणून. तो ट्रक चालवायचा, आणि कुणी आडवं आलं की हॉर्नच्या आधी त्याचा हात चालायचा. पेट्रोलपंपावर रांग मोडली म्हणून त्याने एकाचे पुढचे दात पाडले होते. बायको माहेरी निघून गेली, ती परत आलीच नाही. ‘तोफ’ हे नाव त्याला शाळेतच पडलं होतं आणि ते त्याने कधी खाली पडू दिलं नाही.

ताईचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. सुट्टीच्या दिवशी ती काही हौशी मंडळींबरोबर डोंगराच्या पोटातली एक बुजलेली गुहा उकरायला जायची. तिने मनाशी हिशेब मांडला, रविवारी दगड फोडेल तर आठवडाभर माणसं फोडणार नाही.

आणि ते चाललंही. तोफ बैलासारखा राबायचा. दोघांना न हलणारा धोंडा एकटा ओढायचा, मातीच्या बादल्या भरभरून मागे सारायचा आणि संध्याकाळी पोरासारखा झोपून जायचा. ताईला वाटलं, गाडी रुळावर आली.

मंडळींमध्ये सगळ्यात जुना होता गवंडी. साठी उलटलेला, कमी बोलणारा. आत कुठे टेकू लावायचा, पाचर किती ठोकायची, हे तो ठरवायचा. हातोडीने छतावर टकटक करून कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर पुढे, भद्द आला तर मागे. शेवटच्या टेकूच्या पुढे त्याच्या परवानगीशिवाय कुणी डोकं घालायचं नाही, हा पहिला नियम. एकट्याने आत जायचं नाही, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे बाहेर एक माणूस घड्याळ लावून बसणार. ठरलेल्या वेळी आतली माणसं वर आली नाहीत तर तो मदत बोलावणार. हे काम केमिस्टबाईकडे होतं. गुडघे दुखतात म्हणून ती आत येत नसे, पण तिच्या घड्याळाला सगळे घाबरून असत.

त्या दिवशी ढिगाऱ्यातून वारा येत होता. चांगला गार, भरभरून. म्हणजे पलीकडे मोठी पोकळी होती. तोफेने फटीत दिवा धरला आणि त्याचे डोळे चमकले. “ताई, एवढा एक दगड काढला की आत!”

गवंड्याने छत ठोकून पाहिलं आणि मान हलवली. “आज फक्त टेकू. हा दगड वरच्यांना तोलून धरतोय. याला हात लावायचा नाही.”

“तुमच्या टेकूंनी आम्ही म्हातारे होऊ.”

“चालेल. मला म्हाताऱ्यांना बाहेर काढायला आवडतं,” गवंडी म्हणाला, आणि ताई हसली. तोफ हसला नाही.

लाकडं आणायला ताई मागे सरपटत गेली. ती बादलीत पाचरी भरत होती तेवढ्यात तिला पुढून लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. मग गवंड्याचा आवाज, “अरे, बाहेर ये! बाहेर ये म्हणतो!” आणि मग एक असा आवाज, जो दगडाचा नव्हता.

ती पोहोचली तेव्हा सगळं होऊन चुकलं होतं आणि अजून चालूच होतं. तोफ टेकूच्या पुढे घुसून पहारीने तोच दगड उचकटत होता. गवंड्याने त्याचा पाय धरून मागे ओढलं, तर त्याने बुटाची टाच त्याच्या तोंडावर हाणली. मग तो उलटा सरपटत आला, जेमतेम दोघं गुडघ्यांवर बसतील एवढ्या जागेत वळला आणि पहारीचं बोथट टोक गवंड्याच्या तोंडावर हाणलं. ते डोळ्यावर बसलं. आता त्याने म्हाताऱ्याचं हेल्मेट ओढून काढलं होतं आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटत होता. एकेक शब्द, एकेक आपट. “मला. ओढतोस. मला.”

“सोड त्याला!” ताईने त्याच्या खांद्याला धरलं. त्याने न बघता कोपर मागे मारलं. तिचा ओठ फाटला, दाताचा तुकडा जिभेवर आला. गवंड्याचे हात आता अडवतही नव्हते.

तिने कमरेची हातोडी काढली आणि भावाच्या मनगटावर घातली. पूर्ण ताकदीने, लोखंड सरळ करताना घालते तशी. हाड मोडल्याचं तिला मुठीत कळलं.

तो किंचाळत मागे कलंडला, टेकूच्या पलीकडे, आणि त्याच्या पाठीच्या धक्क्याने तो उचकटलेला दगड सुटला. छतातून काहीतरी करकरलं. धूळ उसळली. धूळ बसली तेव्हा तोफेचा डावा पाय मांडीपर्यंत धोंड्याखाली होता आणि टेकू तिरका होऊन कुंथत होता.

ताई पुढे झेपावली. गवंड्याने तिची कॉलर पकडली. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, एक डोळा मिटलेला. दुसऱ्या हाताच्या मुठीत त्याचा पडलेला दात होता, तो त्याने खिशात टाकला.

“आधी छत,” तो म्हणाला.

“काका, तो मरेल!”

“मग तिघं मरू का? लाकूड दे.”

पुढचा वेळ ताईला जन्मभर पुरला. भाऊ हाताच्या अंतरावर ओरडत होता आणि ती त्याला हात लावू शकत नव्हती. एका डोळ्याने गवंड्याचा अंदाज चुकत होता. टेकू ठोकायला जायचा आणि हातोडी बाजूला पडायची. शेवटी तिने त्याचा हात धरून पाचरीवर ठेवला. तो ठोकत राहिला, ती धरत राहिली. वरून मुठीएवढे दगड सुटून त्यांच्या पाठीवर बसत होते. आणि तोफ, ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो शिव्या देत होता. “म्हाताऱ्या, तुला जिवंत सोडणार नाही! ताई, तू मारलंस मला, तू!”

नवा टेकू बसला. गवंड्याने छत ठोकलं, ऐकलं आणि जॅक धोंड्याखाली सारला. पहिल्या फेऱ्याबरोबर तोफ वेदनेने उसळला आणि मोकळा पाय झाडू लागला. एक लाथ टेकूला बसली. वरून वाळू ओघळली.

“धर त्याला!” गवंडी ओरडला.

ताई भावाच्या छातीवर आडवी पडली. त्याने तिच्या खांद्यात दात रुतवले. कापड फाटून मांसात गेले. तिने त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीची गरज नव्हती. तो निपचित झाला आणि लहान आवाजात म्हणाला, “ताई, पाय कुठेय गं माझा?”

“आहे. गप पड.”

पाय निघाला तेव्हा गुडघ्याखाली तो पायासारखा दिसत नव्हता. तिने पट्टा काढून मांडीवर आवळला. दोघांनी तोफेला काखेत धरून फरफटवत मागे आणलं. बोगद्याच्या रुंद भागात ते पोहोचले आणि मागे सगळा ढिगारा एकदम बसला. वाऱ्याचा असा फटका आला की तिघंही तोंडावर पडले.

केमिस्टबाईने वेळ टळताच फोन केला होता. बचाव पथकाने त्यांना दोरावरून वर काढलं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, “पाय दगडाने चिरडला, हे समजलं. मनगट?”

“मी मोडलं,” ताई म्हणाली. पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि भावाने काय केलं तेही, पहारीसकट. आईने कपाळावर हात मारून घेतला. “सख्ख्या भावाला तुरुंगात घालतेस?” ताईने तोंडाकडे बोट दाखवलं. तिच्या ओठाला टाके होते, ही तेवढी सोय होती.

गवंड्याचा डोळा वाचला नाही. ही बातमी घेऊन त्याची बायको कॉरिडॉरमध्ये आली, ताईसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली.

“तुझ्या भावाचं औषध माझ्या नवऱ्याच्या डोळ्याने करत होतीस काय?”

खांद्यातले दात, फुटलेला ओठ, सगळं ताईने सहन केलं होतं. हे तिला लागलं. कारण ते खरं होतं. छत ठोकून बघणाऱ्यांमध्ये तिने असा माणूस आणून बसवला होता, ज्याला ठोकून बघायची तिची स्वतःची हिंमत नव्हती. तो कसा आहे, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तोफेला शिक्षा झाली. सुटला तेव्हा कुबडी होती, पाय होता पण वाकत नव्हता. एका दुपारी तो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. मधल्या काळात मंडळींनी दुसऱ्या बाजूने, लोखंडी पाइपांचा पिंजरा करत, वाट काढली होती. गवंडी एका डोळ्याने छत ठोकत होता. म्हणायचा, कान दोन्ही शाबूत आहेत.

“पलीकडे गेलात म्हणे,” तोफ म्हणाला.

“गेलो.”

“वाट मी काढली होती.”

“तू ती बुजवलीस.”

त्याने कुबडी उचलली आणि वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायची तिची ढाल टेबलावरून खाली उडवली. काच फुटली. मग नळकांड्यांची रास लाथाडायला गेला, पण ताठ पायाने दगा दिला आणि तो जमिनीवर आदळला. ताईचा हात आपोआप हातोडीकडे गेला. ती उचलली आहे हे तिला नंतर कळलं. दोघंही त्या हातोडीकडे बघत राहिले.

तिने ती खाली ठेवली नाही.

“आत तळं आहे,” ती म्हणाली. “काळं पाणी, अगदी स्थिर. छत एवढं उंच की दिवा पोचत नाही. ते बघून पहिली आठवण तुझीच झाली.”

“मला ने एकदा.”

“नाही.”

“ताई...”

“नाही रे. तू काकांच्या घरी जा. ते दार उघडतील की नाही, मला माहीत नाही. काकू तर नक्की उघडणार नाहीत. तरी जा. बाहेर उभा राहा. हात खिशात ठेव.”

तो कुबडीला धरून, घामाघूम होत, एकटाच उठला. तिने मदत केली नाही. तो शिव्या देत रस्ता ओलांडून गेला. कोणत्या दिशेने गेला, ते तिने दारातून पाहिलं. गवंड्याच्या घराची ती दिशा नव्हती.

ती आत आली आणि काचा झाडायला लागली.