चेसिसवरचा आकडा

तो रविवार होता. सिंगापूरला, पासिर रिसमधल्या आमच्या ब्लॉकच्या कारपार्कमध्ये बाबा घडीच्या खुर्चीवर बसले होते आणि मी शिरीषच्या जुन्या डॅटसन पिकअपच्या पुढच्या चाकाशी उकिडवी. शिरीष बँकेतला, बिशानला राहणारा. सदुसष्टची ही गाडी त्याने हौसेने घेतली होती. त्याचा मित्र प्रतापही आपली जुनी गाडी बाबांना दाखवणार होता. नोंदणीच्या अर्जासाठी चेसिस नंबर हवा होता. बाबा पुण्याच्या आरटीओत तीस वर्षं निरीक्षक होते, पण आता गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं.

"बॉनेटखालच्या पत्र्यावर विसंबू नकोस, पत्रा कुणीही बदलतो. सांगाड्यावर ठोकलेला बघ. सुरुवातीचं, मॉडेलचं पाचशेवीस सापडलं?"

"सापडलं."

"त्याच्याआधी एल?"

"नाही."

"म्हणजे स्टीअरिंग कारखान्यातूनच उजवीकडे."

"काका, ते मलाही दिसतंय," शिरीष म्हणाला.

"तुला आजचं दिसतंय. मी तेव्हाचं विचारतोय."

पुढचे आकडे मी वाचत गेले. शेवटचा तीन.

"पेन्सिलने छाप घे."

"स्पष्ट दिसतोय, बाबा."

"छाप घे गं."

"तीनच आहे. उकडतंय किती!"

बाबा हट्टी होते; माझ्यापुढे मात्र नाही. त्यांनी तीन लिहिला, खाली सही केली. मग आम्ही तिघं हॉकर सेंटरच्या एका टपरीवर पराठ्यासारखा प्राटा खायला गेलो.

मंगळवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी शिरीषचा फोन आला. तपासणीत नंबर जुळला नव्हता, अर्ज परत आला होता.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "काकांचं वय झालं होतं. मी प्रतापलाही तेच सांगितलं, आता त्याच्या गाडीसाठी दुसरं कुणी बघू."

मी फक्त "हं" म्हटलं. आरटीओत बाबांनी तपासलेला नंबर कुणी पुन्हा तपासत नसे. इथे आता दोन घरांत ते चुकणारे म्हातारे झाले होते, आणि मी "हं" म्हटलं होतं.

शनिवारी मी बिशानला गेले. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून सांगाडा पुसला, पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, वर पातळ कागद चिकटवला. पेन्सिल आडवी धरून घासू लागले. पाच, दोन, शून्य उमटले. शेवटच्या आकड्याच्या डाव्या बाजूला जुना रंग साचलेला होता, तिथे कागदावर फिकट वळण आलं, खाली दुसरं. आठ.

शिरीष वाकून बघत होता. "बघ ना, एवढंसं. काकांच्या नजरेतून सुटलं."

मी उठून उभी राहिले. हात काळे झाले होते.

"बाबांनी तो आकडा पाहिलाच नव्हता, शिरीष. मी वाचला. त्यांनी छाप घे म्हणून दोनदा सांगितलं आणि मी कंटाळा केला. चूक माझी आहे. प्रतापलाही सांग."