बाबांचा खांब
डोंगरांमधल्या त्या जुन्या देवळात फुटलेल्या खांबाच्या जागी नवा खांब आपण घडवला, असं बाबा मरेपर्यंत सांगायचे आणि ताई ती थाप समजून हसायची. आज दोघं भावंडं तिथे आली, तेव्हा बाबांसारखाच पाथरवट झालेल्या भावाने एकेका खांबाची मागची बाजू चाचपायला घेतली.

“सगळे सारखेच आहेत रे. चल आता,” ताई कंटाळून म्हणाली.

अठराव्या खांबाशी तो थबकला. बाकी खांबांवर छिन्नीचे घाव उजवीकडून उतरले होते, इथे डावीकडून.

“बाबा डावखुरे होते ना गं?”

ताई बराच वेळ त्या घावांवरून बोट फिरवत राहिली.

“मी त्यांना सासरच्यांसमोर थापाडे म्हटलं होतं रे,” ती हळूच म्हणाली.