तळाची नक्षी

तांब्याचे पातेले सगळ्यांच्या हातांतून फिरून टेबलावर परत आले, तरी उस्ता झन्नून गप्पच होते. एरवी वस्तू हाती येताच तिचे गाव, वय आणि ती घडवणाऱ्याची कुवत सांगून ते मोकळे होत. आज त्यांनी पातेले खिडकीच्या उजेडात तिरके धरले, आत पाहिले आणि खाली ठेवले. मग पुन्हा उचलले. पेल्यांतला चहा निवत गेला.

मोसलच्या या कॉफीखान्यात दर शुक्रवारी नमाजानंतर जुन्या वस्तूंचे शौकीन जमत. भंगारात, ढिगाऱ्यात, फेरीवाल्याच्या गोणीत जे काही सापडले असेल ते मधल्या टेबलावर ठेवायचे. नियम एकच होता: आणणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. आधी सगळ्यांनी ओळखायचे. शेवटचा शब्द उस्तांचा. पन्नास वर्षे त्यांनी या शहराच्या भांड्यांना कल्हई केली होती. हात आता कापत, पण बोटांच्या टोकांना अजून सगळे आठवत होते.

पातेले आणणारी बाई टेबलाच्या टोकाला बसली होती. चाळिशीची, काळ्या पायघोळ अबायातली. नजला हे नाव सांगण्यापलीकडे तिने नियम मोडला नव्हता.

"काय उस्ता, डोळा लागला की काय?" हाजिम म्हणाला. त्याचे जुन्या सामानाचे दुकान होते आणि कुठलीही शांतता त्याला परवडत नसे. "निदान माझं चुकलंय एवढं तरी सांगा. नाफिअ सरांना तेवढंच बरं वाटेल."

"तुझं चुकलंय हे सांगायला उस्ता कशाला हवेत?" नाफिअ सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. "बाहेरून बघा, साधं घरगुती भांडं. आणि आत? जाईच्या कळ्या! तळभर विखुरलेल्या, आणि प्रत्येक कळीला मधोमध एक रेघ. कारागिराची मजा बघा. जी नक्षी अन्नाखाली झाकली जाणार, तिच्यावर त्याने एवढा जीव लावला. मी तर उस्मानी तुर्कांच्या काळातलं म्हणेन."

"जाई कसली, सर? खजुराच्या बिया आहेत त्या. रेघ बियांनाच असते. बसऱ्याकडचं काम आहे."

"एवढे बारके खजूर तुझ्या सासऱ्यानेच वाढले असतील, लग्नात."

दोघे हसले. नजला हसली नाही. तिने पातेल्याभोवतीचे फडके घेऊन त्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"विकायचं ठरलं तर आधी माझ्याकडे या हं, बहिणी," हाजिम म्हणाला. "सर नुसते बघत बसतील."

उस्तांनी काठाखाली अंगठा फिरवला. तिथे तीन ठिपके होते, शेजारी एक चंद्रकोर.

"ही खूण माझी," ते म्हणाले. "घरोघरची भांडी माझ्याकडे एकत्र यायची. ज्याची त्याला परत जावीत म्हणून मी प्रत्येक घराची खूण ठोकायचो. ही मैदान गल्लीतल्या शिंप्याच्या घरची. त्याच्या बायकोची. तू तिची मुलगी का, पोरी?"

नजलाने मान डोलावली. आता तिला बोलायची मुभा होती.

"आईचंच आहे, उस्ता. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली, नदीपलीकडे. घर आणि भांडी लुऐकडे राहिली. माझा धाकटा भाऊ. परवा हे भंगारवाल्याकडे दिसलं. नदीकाठचा ढिगारा उपसला त्यातलं, एवढंच त्याला आठवतंय."

हाजिमने काडी पेटवली होती. सिगारेटला न लावताच ती विझवली.

"शेजारच्या एकाने आईला सांगितलं होतं," ती पुढे म्हणाली, "की लढाई या काठाला पोचायच्या आधी, थंडीतच, त्याने लुऐला बायको आणि दोन्ही पोरांसकट निर्वासितांच्या छावणीच्या रस्त्याला लागताना पाहिलं. आठ वर्षं झाली. ती दर ईदला त्याच्या मुलांसाठी कपडे घेते, दर वर्षी एक माप मोठे. आता ढिगाऱ्यांत सापडलेल्या हाडांशी जुळवायला घरच्यांचं रक्त घेतायत. रविवार शेवटचा दिवस आहे. आई म्हणते, जित्या पोरासाठी रक्त कशाला देऊ?"

ती टेबलाकडे झुकली.

"मला एवढंच सांगा. ते निघून गेले होते ना? घर सोडताना भांडी घासून उपडी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. घुफरान, माझी भावजय, दोन दिवसांसाठी जरी गेली तरी चुकायची नाही. हे उपडं होतं की नाही, ते तुम्हाला ओळखता येईल असं लोक म्हणाले."

नाफिअ सरांनी पातेल्याच्या काठावर ठेवलेली बोटे हळूच उचलली आणि हात मांडीवर घेतला.

"सांगू का?" उस्तांनी विचारले.

"त्यासाठीच आले."

त्यांनी पातेले तिच्याकडे सरकवले. "काठावरून बोट फिरव. आतल्या बाजूने."

तिने फिरवले. तिथे नुसते तांबे होते, लालसर आणि खरखरीत.

"हे आगीतून गेलंय. आगीत तांबं टिकतं. कल्हईचं कथील लगेच वितळतं आणि पाण्यासारखं खाली उतरतं. भांडं उपडं असतं तर सगळी कल्हई काठाशी येऊन थिजली असती. आता तळाला हात लाव."

तळाला कल्हईचा जाड, करडा थर होता आणि त्यात त्या खळग्या. तिचे बोट एका खळगीत थांबले. मग तिच्या मधल्या रेघेवर.

"आत जे होतं त्याच्याभोवती थिजली ती," उस्ता म्हणाले. "ते जळून झडून गेलं. जागा तेवढ्या राहिल्या."

"गहू," नजला म्हणाली.

तिने बोट उचलून पुन्हा त्याच खळगीत टेकवले.

"गहू कोण असा शिजवतं, अख्खा?"

"तुम्ही पलीकडे होतात, पोरी. वेढ्यात या काठाला तांदूळ वसंतातच संपला. मग पीठ संपलं. शेवटच्या पंधरवड्यात आम्ही सगळ्यांनी तेवढंच खाल्लं. पाणी आणि गहू. थंडीत निघून गेलेल्या माणसाच्या पातेल्यात तो नसता."

"दुसरंही कोणी शिरलं असेल की घरात," हाजिम घाईने म्हणाला. "तेव्हा काय, कोणीही कुठेही..." उस्तांनी त्याच्याकडे पाहिले नाही, नाफिअ सरांनीही नाही. त्याचे वाक्य तिथेच राहिले.

नजलाचे बोट तळावरून सावकाश फिरत होते, एका खळगीवरून दुसरीवर, आंधळ्या माणसाने उठावाची अक्षरे वाचावीत तसे.

"किती होते?" तिने विचारले.

"मूठभर."

"चौघांत."

बाहेर कोणीतरी टरबुजांची गाडी ओरडत नेली. नजलाने पातेले दोन्ही हातांनी उचलले आणि उस्तांच्या पुढ्यात ठेवले.

"याला नवी कल्हई होईल?"

"माझे हात गेले आता." त्यांनी पंजे उलटेसुलटे करून पाहिले. "होईल. पण जुनी पुरती खरवडल्याशिवाय नवी धरत नाही. यातलं काही उरणार नाही."

"हो."

"नीट विचार कर. आईला दाखवायला तुझ्याकडे एवढंच आहे."

"आईला कळलंय पातेलं मिळाल्याचं. कालपासून मागतेय. मी म्हटलं, कल्हईला दिलंय." तिने घडी केलेले फडके पिशवीत ठेवले. "लुऐ आल्यावर त्यातच त्याच्या आवडीचा डोलमा करणार म्हणते."

ती उठली. नाफिअ सरही अर्धवट उठले आणि काय करावे ते न कळून तसेच उभे राहिले.

"आणि रविवारी?" उस्तांनी विचारले. "रक्त द्यायला नेशील ना तिला?"

नजलाने पातेले उस्तांपुढेच राहू दिले आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली. अबायाचा पदर सारखा केला, टेबलांमधून वाट काढली आणि दाराबाहेरच्या उन्हात उतरून पुलाच्या दिशेने चालू लागली.