नवा तक्ता

घड्याळकाकांनी तळव्याने चांगला डोळा झाकला, पाठ ताठ केली आणि डॉक्टरबाईंनी पट्टी अक्षरावर ठेवण्याआधीच घडाघडा म्हणून टाकलं, "न, र, ग, म, प. खाली ट, व, स, ल, क."

डॉक्टरबाई हसतच भिंतीकडे वळल्या. जुन्या तक्त्याची काच तडकली म्हणून सकाळीच नवा लावला होता. त्याच्या वरच्या दोन ओळींत 'न' कुठेच नव्हता.

"काका, पुन्हा वाचा बरं."

काकांनी पुन्हा म्हटलं. तेच, त्याच ठेक्यात.

"आता मी पट्टी ठेवते तेवढंच सांगा."

काका पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले.

"दिसण्याचं म्हणाल तर अजून धुकंच आहे हो. पण मी एक दिवस चुकवला नाही. सकाळ-संध्याकाळ म्हणतो. सूनबाई वैतागते, म्हणते, बाबा परत शाळेत जायला लागले!"

"म्हणायला कोणी सांगितलं?"

"ताईंनी. त्यानं डोळ्याला वळण लागतं म्हणाल्या. आणि तुम्ही दर वेळी शाबासकी देत होतात. म्हटलं, आत कुठेतरी सुधारत असणार."

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. बुबुळावरचा गढूळ झालेला पडदा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींनी साफ होतो का, हे पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्या पेशी लावूनही यंत्राखाली काकांच्या अधू डोळ्याचा पडदा तसाच गढूळ दिसायचा. पण वाचन सुधारत होतं, म्हणून त्यांनी यंत्रालाच खोटं ठरवलं होतं. वाचन नर्सताई घ्यायच्या ना! शिकाऊ असताना पापणी कशी धरायची हे ज्यांनी हात धरून शिकवलं, त्या ताई. आज बाहेर गर्दी होती म्हणूनच डॉक्टरबाई स्वतः बसल्या होत्या.

ताई थेंबांची बाटली घेऊन आत आल्या. नव्या तक्त्याकडे नजर गेली आणि जागीच थांबल्या.

"ताई, काकांचा एकच डोळा धड आहे. तोही जरासा गढुळायला लागलाय, म्हणून उद्या मी त्याला हात घालणार होते. तुम्ही घेतलेल्या वाचनाच्या भरवशावर."

"अगं, प्रयोग बंद करतील म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होतीस. मला बघवेना."

"माझ्यासाठी केलंत? केसाने गळा कापलात माझा. आणि यांचा तर..." त्यांना ताईंच्या हातातली बाटली भिरकावून द्यावीशी वाटली.

काका आवाजाच्या दिशेने मान वळवत होते.

"म्हणजे उद्या नाही का?"

"नाही, काका."

"बरं." त्यांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. "मग तोवर म्हणायचं चालू ठेवू ना?"

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. मग ताईंकडे वळून म्हणाल्या, "ताई, काकांनाच शिकवलं होतंत ना? फक्त काकांना?"

ताई बाटलीचं झाकण लावत होत्या. ते आधीच घट्ट लागलेलं होतं.

डॉक्टरबाईंनी उठून दार उघडलं. बाहेरच्या बाकावर नुकतेच थेंब घातलेली माणसं ओळीने डोळे मिटून बसली होती. कोणीच कोणाशी बोलत नव्हतं, पण सगळ्यांचे ओठ हलत होते.